सण गावात, माणसं भट्टीवर

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवाळी लागते ती वाघबारशीला. वेशीवर वाघदेव असतो. कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ आणि त्याच्या डोक्यावर चंद्र-सूर्य. वर्षभर गुरं रानात चरून सुखरूप परत आली म्हणून गुराखी त्याच्यापुढे नारळ फोडतात, कोंबडं देतात. घरात नवं भात आलेलं असतं. त्याच्या पिठात काकडी किसून पानात उकडतात, चवळीच्या शेंगा शिजतात, रानातून खणून आणलेले करांदे आणि कोनफळं चुलीवर चढतात. खळ्यात तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून बनलेलं हे वाद्य भात पोटऱ्यात येऊ लागलं की घराबाहेर निघतं आणि जुन्या रिवाजानुसार दिवाळी सरली की परत आढ्याला जातं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा शहरातल्या अनेकांनी या वाद्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

पाड्यावर याच दिवसांत आणखी एक माणूस येतो. मोटारसायकलवरून येतो, बहुतेक वेळा ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही. भिवंडी, वसई, वाडा, कल्याण, शहापूर, पनवेल इथल्या वीटभट्टीमालकाने त्याच्याजवळ पैसे दिलेले असतात. तो जोडप्यामागे बयाणा देतो. आदिवासी घरात रोख पैसा असा हातात पडण्याचे प्रसंग वर्षात फार थोडे, आणि दिवाळी तोंडावर असते. पोरांना कपडे हवेत, बायकोला लुगडं हवं, दुकानाची पावसाळ्यातली उधारी थकलेली असते, कुणाच्या घरी लग्न निघालेलं असतं. बयाणा घेतला जातो. दिवाळी गोड होते आणि त्या क्षणापासून पुढचे सहा-सात महिने विकले गेलेले असतात.

मुलूख बदलला की सणाचं काय होतं, हा या लेखाचा विषय. थंड देशातून उष्ण देशात गेलेल्या माणसांच्या नाताळाबद्दल जगात खूप लिहिलं जातं. बर्फाची सवय असलेल्या माणसाला नारळाच्या झाडाखाली नाताळ कसा वाटतो, देवदाराऐवजी तो कोणतं झाड सजवतो, वगैरे. आपल्याकडे या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं रूप मुंबईपासून तीन-चार तासांच्या अंतरावर, जव्हारच्या पठारावर आहे. इथून दरवर्षी हजारो कुटुंबं गार डोंगरावरून दमट, तापलेल्या खाडीकाठी उतरतात आणि त्यांचे सण त्यांच्या मागे गावातच राहतात.

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. महादेव कोळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी होती. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोशाचा धबधबा पाहायला पर्यटक येतात आणि हवेची तारीफ करून जातात. मोखाडा त्याच्याही पूर्वेला, त्र्यंबकच्या अंगाला. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेची शेकोटी लागतेच. दहा माणसांत नऊ आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. जमीन उताराची, माती पातळ. पाऊस धो धो कोसळतो आणि तितक्याच वेगाने वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांतून खाली निघून जातो. नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी हे एका पावसाचं पीक. कार्तिकात खळं आटोपलं की शेतात काम उरत नाही आणि फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळाला जातात.

पाणी या भागात नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंचीचं. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी जातं त्याच दिशेने माणसंही जातात.

भाऊबीज झाली की जव्हारच्या एसटी स्टँडवर, मोखाड्याच्या नाक्यावर, खोडाळ्याच्या फाट्यावर निघालेली माणसं दिसू लागतात. काही एसटीने जातात, बहुतेक मालकाच्या टेम्पोने. टेम्पोत काय चढतं ते एकदा नीट पाहावं. गोधड्यांची गाठोडी, अॅल्युमिनियमची पातेली, पाण्याचा हंडा, नव्या तांदळाची गोणी, कोयता, टोपलीखाली झाकलेली दोन कोंबडी, प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी, एखादं कुत्रं आणि या सगळ्याच्या वर बसलेली मुलं. घराला कुलूप क्वचितच लागतं. बहुतेक घरी म्हातारी माणसं मागे थांबतात. कुणी विचारलं तर सांगतात, पोरं जगायला गेलीत.

भट्टीवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे भोंगा उभा करणं. कच्च्या विटांच्या कंबरभर भिंती, वर पेंढा आणि प्लास्टिक, आत वाकून शिरायचं. रात्री दोन-अडीचला उठायचं. आदल्या संध्याकाळी माती, तूस आणि राख कालवून गारा मळून ठेवलेला असतो. नवरा गाऱ्याचे गोळे आणून टाकतो. बायको उकिडवी बसून गोळा साच्यात आपटते, कोपरे बोटांनी दाबते, वरचा थर हाताने कापते आणि साचा उपडा करते. एक वीट झाली. सकाळचं ऊन चढेपर्यंत हेच. उन्हात विटा थोड्या कडक झाल्या की त्या कडेवर उभ्या करायच्या, आणि हे काम बहुतेक मुलांकडे येतं, कारण ती हलकी असतात आणि ओल्या रांगांमधून विटेला धक्का न लावता चालू शकतात. एका जोडप्याची दिवसाची वीट हजाराच्या आसपास पडते. मजुरी हजारावर ठरलेली. फुटकी वीट मोजत नाहीत, भिजलेलीही नाही. डिसेंबर २०१७मध्ये ओखी चक्रीवादळाचा पाऊस किनाऱ्यावर आला तेव्हा रांगाच्या रांगा कच्च्या विटांचा पुन्हा चिखल झाला होता. आठवड्याच्या बाजारादिवशी हातात पडते ती खर्ची, तेल-मीठ-सुकटीपुरती. बाकीचा हिशोब शेवटी, बयाणा वळता करून. मजूर निरक्षर असला की हिशोबाची वही एकाच बाजूला असते.

वसईच्या आसपासच्या भट्ट्यांवर हे चालू असतं तेव्हा तिथल्या गावांत नाताळ आलेला असतो. डिसेंबर १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेलं पण धर्म राहिला आणि इथल्या सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन घरांत नाताळ रुजला. केळीच्या बागांमधून कागदी चांदण्या लटकतात, अंगणात गव्हाणी उभ्या राहतात, काही गव्हाणींवर कापसाचा बर्फही पसरलेला असतो. घराघरांत फुगे तळतात, मध्यरात्रीच्या मिस्साला माणसं नवे कपडे घालून निघतात आणि सगळं मराठीच्याच बोलींमध्ये चालतं. हा सण युरोपातल्या हिवाळ्यातून आला खरा, पण चार-साडेचारशे वर्षांत तो इथल्या भाताचा, केळीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा झाला. मला वसईचा नाताळ आवडतो तो यासाठी. परक्या मुलखातून आलेला सण इतका पक्का रुजू शकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

माणसांबरोबर सण परमुलखात कसा टिकतो, याचं दुसरं उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं आहे. १९४० आणि ४१मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पोलंडशी झालेल्या १९४१च्या करारानंतर त्यांतली काही सुटली, इराणात पोचली, आणि तिथून सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका-मुलं, १९४३पासून वळिवड्याच्या छावणीत आली. १९४८पर्यंत ती तिथे होती. पोलिश माणसाचा नाताळ सुरू होतो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसल्यावर. घरातले सगळे एकच पातळ पापुद्र्यासारखी पोळी मोडून एकमेकांना देतात आणि मेजावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. सैबेरियातून वाचून आलेल्या बायकांच्या मनात ते रिकामं ताट कुणासाठी होतं, हे सांगायला नको. पण वळिवड्यात त्यांना चर्च होतं, शाळा होत्या, दवाखाना होता, नाटकं होती, मुलांची स्काऊट पथकं होती. शिधा मिळत होता. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळ त्यांची स्वतःची होती. बर्फ नव्हता, देश गेला होता, आप्त गमावले होते, तरी सण झाला.

तिसरं उदाहरण मॉरिशसचं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी गिरमिट्यांनी त्या बेटावर गणपती बसवला. कास्काव्हेल गावातला गणेशोत्सव १८९६पासूनचा मानतात. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे. आपला भाद्रपद म्हणजे तिथे थंडीची अखेर, आणि डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. तरीही गणपती बसला आणि आज त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मळ्यावरचं पहिलं आयुष्य काही सुखाचं नव्हतं, पण करार संपल्यावर माणसं तिथे जमीन घेऊन, गाव करून राहिली. सण त्या गावांनी धरला.

मग जव्हार-मोखाड्याच्या माणसांचा सण भट्टीवर का रुजत नाही? ती तर फार लांबही जात नाहीत. भाषा तीच, पंचांग तेच, घर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. माझं उत्तर सरळ आहे. सणाला ऋतू बदललेला चालतो, झाड बदललेलं चालतं, खाणंही बदललेलं चालतं. त्याला लागतो तो स्वतःचा वेळ आणि स्वतःची माणसं. बयाण्याने या दोन्ही गोष्टी आधीच घेतलेल्या असतात. एका पाड्याची माणसं पाच भट्ट्यांवर विखुरतात. भगत एकीकडे, वाजवणारा दुसरीकडे, भावकी तिसरीकडे. रात्री दोनला उठणाऱ्याने रात्रभर नाचायचं कसं?

या मुलखात दिवाळीपेक्षा मोठा सण होळीचा. जव्हारच्या आणि मोखाड्याच्या बाजारात होळीआधीच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. साखरेच्या गाठ्या, नारळ, रंग, पोरींच्या रिबिनी, नवे शर्ट. होळीसाठी रानातून उंच बांबू आणतात. नवं जोडपं आणि वर्षभरात जन्मलेलं बाळ तिच्याभोवती फिरवतात. दुसऱ्या दिवसापासून पोरं रस्त्यावर दोरी धरून पोस्त मागतात. भट्टीवरच्या माणसाचा जीव या सणात अडकलेला असतो. तो काही करून होळीला घरी येतो. मालकाला हे माहीत असतं आणि त्याला भीती असते की हा गेला की परतणार नाही. म्हणून अनेक ठिकाणी होळीला थोडेच पैसे हातावर ठेवतात, उरलेले अडकवून. काहींना चार दिवस मिळतात. काहींना मिळत नाहीत. ज्यांना मिळत नाहीत ते भट्टीच्या कडेला खड्डा खणून, दोन लाकडं रचून होळी पेटवतात आणि पहाटे पुन्हा गाऱ्यात उतरतात. बाजूला भट्टी आधीच धुमसत असते.

२०२० साली होळी ९ मार्चला होती. सण करून माणसं कामावर परतली आणि २५ मार्चला टाळेबंदी लागली. भट्ट्या, बांधकामं बंद पडली, एसटी बंद झाली. वसई-भिवंडीकडून डोंगराकडे कुटुंबं पायी चालत निघाली, डोक्यावर तीच गाठोडी. हिशोब कुणाचा झाला, कुणाचा राहिला.

होळीनंतर वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. जव्हार-मोखाड्याची ही सगळ्यात मोठी कला. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवांची सोंगं निघतात. गणपती, शारदा, मग एकामागून एक देव आणि दैत्य, आणि शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे, रंगवलेले जड मुखवटे. सोंग घेणारा माणूस थोडा वाकून, पुढे-मागे पावलं टाकत, ठराविक अंतर नाचत जातो, आणि त्याच्यासमोर गावातल्या बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या राहतात, कारण मुखवटा चढल्यावर तो शेजारचा दादा राहत नाही. अमुक देवाचं सोंग अमुक घराण्याने घ्यायचं, असा मान अनेक गावांत पिढ्यांपासून ठरलेला आहे. मुखवटा घरात आढ्याला बांधलेला असतो. तो भट्टीवर नेता येत नाही, आणि मान असलेला मुलगा भट्टीवरून आला नाही तर दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. बोहाडा हा लोककलेच्या पुस्तकांतला विषय झाला आहे, त्याचे मुखवटे संग्रहालयांत आहेत. तो जगवायचा असेल तर सोंग घेणारी माणसं चैत्र-वैशाखात गावात असली पाहिजेत. कलेच्या अनुदानापेक्षा ही गोष्ट कितीतरी महत्त्वाची आहे.

सण ही या नुकसानीची दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू मुलांच्या वजनात असते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३मध्ये शंभरहून अधिक बालकं दगावली आणि देशभर हे नाव पोचलं. त्यानंतर योजना आल्या. अंगणवाडीतून आहार मिळतो, २०१५पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. पण ही योजना पाड्यावर असते आणि आई भट्टीवर. दिवाळीनंतर अंगणवाडीच्या पटावरची नावं तशीच राहतात, मुलं नसतात. शाळेचंही तेच. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवरच भोंगा शाळा काढल्या, कारण मूल शाळेकडे येऊ शकत नव्हतं. त्यांच्याच श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवण्याची लढाई वसई-भिवंडीच्या पट्ट्यात १९८०च्या दशकापासून लढवली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर ती या कायद्यानुसार वेठबिगारी आहे, मग तिला बयाणा म्हणा, उचल म्हणा, आणखी काही म्हणा.

हे असंच चालायचं, असं मानणाऱ्यांनी याच तालुक्यांत थोडं फिरावं. वसंतराव पटवर्धनांची प्रगती प्रतिष्ठान जव्हारमध्ये १९७२पासून काम करते. तिने पाड्यांवर सौरपंपांनी पाणी वर चढवलं. बाएफ या संस्थेने उतारावरच्या जमिनींत आंबा-काजूच्या वाड्या लावल्या. आणि विक्रमगड, जव्हार, मोखाड्यात गेल्या काही वर्षांत मोगरा आला. मोगऱ्याची शेती अगदी थोड्या जागेत होते, दहा-वीस गुंठ्यांतही. कळी पहाटे खुडायची, ती त्याच दिवशी दादरच्या फुलबाजारात पोचली पाहिजे. लग्नसराईत भाव चढतो. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पुरेल एवढं पाणी आहे, अशी कुटुंबं मोगऱ्यामुळे भट्टीवर जायची थांबली आहेत. पहाटे उठणं त्यांनाही चुकलेलं नाही, पण ती आपल्या शेतात उठतात, मुलं शाळेत जातात आणि होळीला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. सगळं पाण्यावर येऊन ठेपतं. धरणाच्या कडेच्या पाड्याला मोगऱ्यापुरतं पाणी देता येत नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ज्यांच्याकडे पाणी नाही, जमीनही नाही, त्यांच्यासाठी रोजगार हमी आहे. ही कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. १९७२च्या दुष्काळात ती आकाराला आली, १९७७ साली कायदा झाला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला, त्यात शंभर दिवसांचं काम आणि पंधरा दिवसांत मजुरी असं लिहिलं होतं. जव्हार-मोखाड्यात कामांची कमतरता नाही. बांध घालायचे आहेत, शेततळी खणायची आहेत, विहिरींचा गाळ काढायचा आहे, पाड्यांचे रस्ते आहेत. अडतं ते वेळेवर. बयाणेवाला दिवाळीआधी येतो, रोख घेऊन येतो. सरकारी काम डिसेंबर-जानेवारीत मंजूर होतं आणि मजुरी कधी होळीनंतर खात्यात पडते. ज्याच्या घरात आज तांदूळ मोजून शिजतो, तो या दोघांमधून कुणाची निवड करणार?

तेव्हा मागणी साधी आहे आणि ती जिल्हा प्रशासनाच्या आवाक्यातली आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला तो आदिवासी तालुक्यांकडे जवळून लक्ष देता यावं म्हणूनच. जव्हार आणि मोखाड्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत कामांची यादी नवरात्रात मंजूर व्हावी. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या सोमवारी हजेरीपट उघडावा. पहिल्या पंधरवड्याची मजुरी त्याच महिन्यात मिळावी आणि होळीच्या आठवडाभर आधी कुणाचाही पैसा बाकी राहू नये. जी कुटुंबं तरीही भट्टीवर जातील, त्यांची नोंद गाव सोडताना आणि भट्टीवर पोचताना व्हावी, म्हणजे अंगणवाडीचा आहार, रेशन आणि लसीकरण त्यांच्या मागोमाग जाईल. त्यांच्या हिशोबाची एक प्रत मजुराच्या हातात असावी.

आणि हा अंक वाचणाऱ्यांपैकी जे कुणी या वर्षी ठाणे, कल्याण, वसई, पनवेलच्या पट्ट्यात घर बांधत असतील, वाढवत असतील, त्यांनी वीट घेताना पुरवठादाराला विचारावं: भट्टी कुठली, माणसं कुठली, त्यांना होळीची सुट्टी आणि पूर्ण मजुरी मिळते का. विचारणारी दहा गिऱ्हाईकं झाली तरी भट्टीवर त्याची खबर पोचते.

जव्हारच्या गाड्या भाऊबीजेनंतर सुटू लागतात. त्याआधी अजून काही दिवस आहेत.